‘आर्क्टिक २०२७ मध्ये बर्फमुक्त’: मूळ पेपर वाचल्यावर

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात एकच बातमी मला चार जणांकडून आली. मावशीने पाठवली, शाळेतल्या सरांनी पाठवली, एका जुन्या मैत्रिणीने रडक्या चेहऱ्याच्या इमोजीसकट पाठवली. मथळा साधारण असा होता: ‘आर्क्टिकमधील सर्व हिमनग २०२७ पर्यंत वितळणार’. चौथे होते काका. त्यांनी बातमीखाली एकच ओळ लिहिली होती: “अगं, हे तर २०१३ लाच वितळणार होतं ना?”

मी हवामानाच्या मॉडेलांमधल्या सागरी बर्फावर पीएच.डी. करते आहे, त्यामुळे असे मेसेज आले की उत्तर देणं माझं काम, असं घरात ठरलेलं आहे. मावशीला आणि सरांना मी काहीतरी लिहून मोकळी झाले. काकांना मात्र उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हापासून दोन उन्हाळ्यांचे आणि दोन हिवाळ्यांचे आकडे डोळ्यांखालून गेले, मूळ पेपर तीनदा वाचून झाला, आणि आता त्याबद्दल नीट लिहावं असं वाटतंय. पेपर वाईट नाही, हे आधीच सांगते. चांगला आहे. माझी तक्रार थोडी पेपरबद्दल आहे, बरीचशी त्याच्या शीर्षकाबद्दल, आणि सगळ्यात जास्त आपण हे आकडे वाचतो त्या पद्धतीबद्दल.

पण आधी ‘हिमनग’ या शब्दाचं बघू. मराठी बातम्यांमध्ये आर्क्टिकचा कुठलाही बर्फ म्हणजे हिमनग असतो. प्रत्यक्षात हिमनग म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात पडलेला तुकडा. तो गोड्या पाण्याचा आणि डोंगराएवढा असतो, टायटॅनिकला लागला तो तसला. आर्क्टिक महासागरावर जे पांढरं आवरण दिसतं ते मात्र सागरी बर्फ आहे. समुद्राचंच खारं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास जागच्या जागी गोठून तयार झालेला हा थर सहसा एक ते तीन मीटर जाडीचा असतो. चार हजार मीटर खोल समुद्रावर तीन मीटरची साय, असं समजा. ही साय वितळली म्हणून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. सरबताच्या ग्लासातला बर्फ विरघळला म्हणून ग्लास ओसंडत नाही, तसंच. पातळी वाढते ती ग्रीनलंडसारख्या जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्याने आणि पाणी तापून फुगल्याने. त्या मथळ्याखालच्या बातमीत मुंबई बुडण्याचाही उल्लेख होता. त्याचा या पेपरशी काही संबंध नाही.

आता पेपर. ३ डिसेंबर २०२४ ला ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेला हा अभ्यास सेलीन होएझे आणि अलेक्झांड्रा यान यांचा आहे. होएझे स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात, यान अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात. शीर्षकाचा मराठीत अर्थ असा: आर्क्टिक महासागरातला पहिला बर्फमुक्त दिवस २०३० च्या आधी येऊ शकतो. ‘येऊ शकतो’ हे शब्द डोक्यात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

याआधीचे जवळपास सगळे अभ्यास ‘पहिला बर्फमुक्त सप्टेंबर’ कधी येईल हे विचारत होते, म्हणजे सगळ्या महिन्याची सरासरी. उन्हाळाभर बर्फ वितळत जातो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी होतो, म्हणून सप्टेंबर. होएझे आणि यान यांनी महिन्याऐवजी एक दिवस घेतला. जगभरातल्या हवामान केंद्रांनी ज्या सामायिक प्रकल्पात आपापली मॉडेलं चालवली, त्या ‘सीएमआयपी-६’मधल्या अनेक मॉडेलांची रोजच्या रोजची नोंद त्यांनी चाळली. तीनशेहून जास्त सिम्युलेशन होती. उत्तरं कुठून कुठपर्यंत आली? काहींत तीनच वर्षांत बर्फमुक्त दिवस उगवला, काहींत २१०० पर्यंत उगवलाच नाही. बहुतेकांत तो साधारण दोन दशकांच्या आत आला. आणि नऊ सिम्युलेशनमध्ये तीन ते सहा वर्षांत आला. पेपरचा उरलेला भाग या नऊ सिम्युलेशनबद्दल आहे.

बातम्यांनी काय केलं? तीनशेमधल्या नऊपैकी सर्वांत घाईचं सिम्युलेशन उचललं आणि त्यावरून २०२७ छापलं.

लेखिकांनी असं कुठेही म्हटलेलं नाही. गोषवाऱ्यातच त्या सांगतात की हे घडण्याची शक्यता कमी आहे, पण घडलं तर परिणाम मोठा आहे. नऊ सिम्युलेशन त्यांनी निवडली ती भाकीत करायला नव्हे, तर हे घडायचंच झालं तर कसं घडेल ते बघायला. या पद्धतीचं महत्त्व मुंबईकराला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सरासरी पावसाळ्याचा कितीही अभ्यास केला तरी त्या दिवशी नाले कुठे तुंबले, लोकल कुठे अडकल्या, हे कळत नाही. त्यासाठी तोच एक दिवस उलगडून बघावा लागतो. पण म्हणून कुणी ‘२०२७ पर्यंत मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस’ असा मथळा देत नाही. आर्क्टिकच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

त्या नऊ सिम्युलेशनमधून जे कळलं ते खरोखर वाचण्यासारखं आहे. नऊच्या नऊ वेळा बर्फमुक्त दिवस हळूहळू घसरत आला नाही, बर्फाची अचानक मोठी घसरण होत असताना आला, आणि त्या आधीचे हिवाळे आणि वसंत भलतेच उबदार होते. म्हणजे निकाल उन्हाळ्यात लागला तरी परीक्षा आदल्या हिवाळ्यातच झाली होती. हे पटण्यासारखं आहे. मार्च २०२२ मध्ये अटलांटिकवरून उबदार, दमट हवेचा लोट थेट ध्रुवाजवळ पोचला होता, तेव्हा अशा गोष्टी फक्त संगणकातच होतात असं नाही. पेपरमधलं हेच प्रकरण मला सर्वांत आवडलं, आणि एकाही बातमीत ते मला दिसलं नाही.

मग तक्रार कशाची?

पहिली तक्रार नऊ या आकड्याची. तुमच्या मनात आत्ता भागाकार झाला असेल: तीनशेहून जास्तपैकी नऊ, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. म्हणजे २०३० च्या आधी हे घडण्याची शक्यता दोन-तीन टक्के? नाही. इथे माझ्या क्षेत्रातली माणसंही घसरतात, म्हणून जरा थांबून सांगते.

समजा सोसायटीची मीटिंग आहे आणि लिफ्ट बदलायची की नाही यावर मतदान आहे. नियम असा की घरात जितकी माणसं, तितकी मतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका एकत्र कुटुंबातून पन्नास जण आले, बाकीच्या घरांतून एकेक, दोन-दोन. हात मोजून ‘सत्तर टक्के सोसायटीला लिफ्ट नको’ असं तुम्ही लिहाल का? सीएमआयपी-६ ची अवस्था काहीशी अशीच आहे. कॅनडाच्या केंद्राने एकेका भविष्य-परिस्थितीसाठी मॉडेल पन्नास वेळा चालवलं. दर वेळी सुरुवात जराशी वेगळी, म्हणजे हवामानाचा नैसर्गिक लहरीपणा कळावा. काही केंद्रांना एक-दोनदाच चालवणं परवडलं. शिवाय घरं वेगवेगळी दिसली तरी नातेवाईक असतात: एकाच समुद्र-मॉडेलवर किंवा एकाच बर्फ-मॉडेलवर अनेक केंद्रांचं काम उभं आहे. यातून येणारी टक्केवारी ही पृथ्वीची शक्यता नसून हजेरीपट आहे. लेखिकांनी तिला शक्यता म्हटलेलं नाही, त्याबद्दल मान द्यायला हवा. पण ‘नऊ सिम्युलेशन’ असं लिहिल्यावर वाचणारा भागाकार करणारच, आणि तो का करू नये हे दोन वाक्यांत, जाड ठशात सांगायला हवं होतं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, मोजणी कुठून सुरू होते. ‘तीन वर्षं’ म्हणजे मॉडेलमधला बर्फ जेव्हा प्रत्यक्ष २०२३ सारखा होतो, तिथपासून तीन वर्षं. ही चलाखी नाही, गरज आहे. मॉडेलमधलं २०२३ हे आपलं २०२३ नसतं. कुणाकडे बर्फ जास्त असतो, कुणाकडे कमी. सगळ्यांना एका रेषेवर आणल्याशिवाय शर्यत लावता येत नाही. पण त्याने फक्त सुरुवातीचा फरक निघतो, वेगातला नाही. सीएमआयपी-६ मधली काही मॉडेलं हरितगृह वायूंना वाजवीपेक्षा जास्त तापून प्रतिसाद देतात, हे आता सर्वमान्य आहे. असं मॉडेल आपल्याच रेषेवरून निघालं तरी पळताना पुढे जाईलच. आणि मुख्य म्हणजे ‘२०२३ सारख्या स्थितीनंतर तीन वर्षं’ या वाक्याचं ‘२०२६-२७’ असं भाषांतर करणं हा गणिताचा नव्हे, अर्थाचा घोटाळा आहे. दुर्दैवाने शीर्षकात ‘२०३० च्या आधी’ असं साल आल्यामुळे त्या घोटाळ्याचं दार लेखिकांनी स्वतःच उघडलं. शीर्षक त्यांनी निवडलं की संपादकांनी सुचवलं, ते मला ठाऊक असण्याचं कारण नाही. जगाने वाचलं ते मात्र शीर्षकच.

तिसरी गोष्ट ‘बर्फमुक्त’ या शब्दाची. आमच्यात बर्फमुक्त म्हणजे दहा लाख चौरस किलोमीटरपेक्षा कमी बर्फ. शून्य नव्हे! दहा लाख चौरस किलोमीटर म्हणजे तीन महाराष्ट्र आणि वर थोडं. एवढा बर्फ पसरलेला असताना आम्ही आर्क्टिक ‘मुक्त’ झाला म्हणतो. याला कारण आहे. ग्रीनलंडच्या उत्तरेला आणि कॅनडाच्या बेटांच्या खाचाखोचांत वारा-प्रवाह बर्फ ढकलून साठवतात, तिथला जाड बर्फ बाकी समुद्र मोकळा झाल्यावरही चिवटपणे टिकतो. त्या कोपऱ्यासाठी थांबून राहायला नको म्हणून ही सीमा. ठीक आहे. पण बारा लाखांवरून नऊ लाखांवर येताना तिथे वेगळं काहीच घडत नाही. सील, ध्रुवीय अस्वल, किनाऱ्यावरचा इन्युइट शिकारी, यांच्यापैकी कुणालाच ती रेषा दिसत नाही.

महिन्याच्या सरासरीऐवजी एक दिवस घेतला की हा प्रश्न आणखी नाजूक होतो. कारण त्या दिवशी तो मोजणार कोण? आपण उपग्रहातून बर्फ बघतो तो मुख्यतः मायक्रोवेव्ह किरणांनी, कारण ते ढगांतून आणि अंधारातून आरपार येतात. उन्हाळ्यात बर्फाच्या पाठीवर वितळलेल्या पाण्याची निळी डबकी साचतात. मायक्रोवेव्हला डबकं आणि उघडा समुद्र यातला फरक कळत नाही. तेच निरीक्षण वेगवेगळ्या संगणकीय पद्धतींतून काढलं की बर्फाच्या क्षेत्रफळात काही लाख चौरस किलोमीटरचा फरक पडतो. त्यात पुन्हा ‘विस्तार’ आणि ‘क्षेत्रफळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विस्तार मोजताना चौकटीत १५ टक्के बर्फ असला तरी सगळी चौकट बर्फाची धरतात, क्षेत्रफळात जेवढा आहे तेवढाच. मॉडेलमध्ये मात्र डबक्याखालचा बर्फ बर्फच मोजला जातो. म्हणजे तो ऐतिहासिक दिवस उगवेल तेव्हा एका पद्धतीप्रमाणे तो उगवलेला असेल आणि दुसरीप्रमाणे नसेल. लग्नाचा मुहूर्त दोन पंचांगांत वेगळा निघावा तसं. महिन्याची सरासरी घेतली तरी हा घोळ उरतोच, पण एका दिवसाला त्याचा फटका जास्त बसतो.

आता काकांकडे वळते. २०१३ चं प्रकरण काय होतं?

सप्टेंबर २००७ मध्ये आर्क्टिकचा बर्फ एका उन्हाळ्यात इतका घसरला की सगळेच हादरले. विस्तार ४२ लाख चौरस किलोमीटरच्या खाली गेला. त्याच वर्षी एक पेपर आला होता, जुलिएन स्ट्रोव्ह आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी दाखवलं की प्रत्यक्षातली घसरण त्या वेळच्या जवळपास सगळ्या मॉडेलांपेक्षा वेगवान आहे. म्हणजे मॉडेलं सुस्त आहेत, हे तेव्हाचं वातावरण. डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नौदल पदव्युत्तर विद्यालयाचे व्हिएस्लाव मास्लोवस्की यांच्या गटाचा अंदाज बीबीसीने छापला: उन्हाळी बर्फ २०१३ पर्यंत जाईल. त्यांनी हेही म्हटलं की हा अंदाज २००५ आणि २००७ चे नीचांक न धरता केलाय, त्यामुळे तो कदाचित सावधच असेल. दोन वर्षांनी कोपनहेगनच्या हवामान परिषदेत अल गोर यांनी त्याच गटाचं नाव घेऊन आणखी धाडसी आकडा सांगितला, आणि मास्लोवस्कींना त्या आकड्यापासून हात झटकावे लागले. केंब्रिजचे पीटर वाडम्स २०१५-१६ म्हणत होते. २०१२ मध्ये विस्तार ३४ लाखांपर्यंत उतरला तेव्हा ते सगळे बरोबर ठरणार असंच वाटत होतं.

२०१२ चा तो नीचांक आजही मोडलेला नाही. १० सप्टेंबर २०२५ ला विस्तार ४६ लाख चौरस किलोमीटर होता.

गंमत म्हणजे मास्लोवस्कींचं मॉडेल त्या काळच्या जागतिक मॉडेलांपेक्षा बऱ्याच बाबतींत सरस होतं. चौकटी बारीक होत्या, त्यामुळे अरुंद सामुद्रधुनींतून आत येणारं उबदार पाणी त्यात जास्त नीट दिसत होतं. चूक मॉडेलमध्ये नव्हती, मॉडेल संपल्यावर पुढे ओढलेल्या रेषेत होती. बर्फाची जाडी आणि आकारमान झपाट्याने घसरतंय, मग तीच रेषा शून्यापर्यंत वाढवा. ही रेषा का वाढवता येत नाही, त्याचं उत्तर आजीच्या गोधडीत आहे.

हिवाळ्यात आर्क्टिकची हवा उणे तीस, खालचं पाणी उणे १.८. पाण्यातली उष्णता वर जायला बघते आणि मध्ये असतो बर्फ. बर्फ म्हणजे समुद्राची गोधडी. जाड गोधडी असली की उष्णता कमी सुटते, खाली नवं पाणी सावकाश गोठतं. एकपदरी, विरलेली गोधडी असली की उष्णता भराभर निघून जाते, आणि पाणी भराभर गोठतं. हे १८९१ मध्ये योझेफ स्टेफान यांनी ध्रुवीय मोहिमांच्या नोंदी वापरून मांडलं होतं: जाडी दुप्पट व्हायला दुप्पट नव्हे, चौपट थंडी खर्च होते. म्हणून एखाद्या उन्हाळ्यात भरपूर बर्फ गेला की पुढच्या हिवाळ्यात पातळ बर्फ झपाट्याने वाढून बरीचशी भरपाई करतो. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेत स्टेफन टीच आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मॉडेलमधला सगळा बर्फ १ जुलैला काढूनच टाकला. साधारण दोन वर्षांत तो परत त्या काळाला साजेशा पातळीवर आला. उतारावरून सुटलेल्या दगडासारखा हा बर्फ नाही. हवामान जितकं तापेल तितका तो कमी होईल, पण दर वर्षी हिवाळा त्याला मागे खेचत राहील.

आणि हिवाळेच उबदार व्हायला लागले तर? तर हा ब्रेक ढिला पडतो. होएझे आणि यान यांची नऊ सिम्युलेशन नेमकी हीच गोष्ट सांगतात. काकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे: २०१३ वाल्यांनी रेषा ओढली होती, यांनी यंत्रणा दाखवली आहे. दोन्हींत साल आहे म्हणून दोन्ही एक नाहीत. पण साल दिसलं की माणूस यंत्रणा विसरतो, हे माझ्या क्षेत्राला २०१३ नंतर तरी कळायला हवं होतं. तेव्हाच्या मथळ्यांचे स्क्रीनशॉट आजही फिरतात, आणि हवामानबदल हे थोतांड आहे म्हणणाऱ्यांना त्याहून सोपं हत्यार मिळालेलं नाही. १ जानेवारी २०२८ ला २०२७ चे स्क्रीनशॉट तयार असतील, आणि ते काढायला खुद्द आम्हीच मदत केलेली असेल.

या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे या पेपरवरची सर्वांत चांगली टीका त्याच्याच लेखिकांनी आधी लिहून ठेवली आहे. यान यांनी २०१६ मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवलं की हवामानाच्या नैसर्गिक लहरीपणामुळेच पहिल्या बर्फमुक्त उन्हाळ्याचं साल साधारण दोन दशकांइतकं पुढेमागे होऊ शकतं. मॉडेल अगदी परिपूर्ण असलं, उत्सर्जन नेमकं माहीत असलं, तरी. तेच मॉडेल, तेच वायू, फक्त सुरुवातीच्या हवेत नगण्य फरक, आणि साल वीस वर्षांनी हलतं.

आणि होएझे यांनी २०२३ मध्ये सहकाऱ्यांसोबत याच सीएमआयपी-६ मॉडेलांच्या खोल आर्क्टिकची तपासणी केली होती. निष्कर्ष फारसा सुखद नव्हता. नॉर्वेकडून येणारं अटलांटिकचं उबदार पाणी आर्क्टिकमध्ये वरच्या थंड, कमी खाऱ्या थराखाली जाऊन बसतं. बऱ्याच मॉडेलांमध्ये हा उबदार थर खऱ्यापेक्षा जास्त खोल आणि जास्त जाड निघतो. हे का महत्त्वाचं आहे? कारण त्या थरात आर्क्टिकचा सगळा बर्फ वितळवता येईल इतकी उष्णता आहे. बॅरेंट्स समुद्राकडच्या भागात तो थर वर सरकू लागलाय आणि खालून बर्फाला चटके देऊ लागलाय, हे निरीक्षणांतून दिसतंय. मॉडेलमध्ये तो चुकीच्या खोलीवर असेल तर हा चटका मॉडेलला नीट कळणार नाही. या पाण्यातले भोवरे दहा किलोमीटर किंवा त्याहूनही लहान असतात, आणि या मॉडेलांच्या चौकटी कित्येक दहा किलोमीटर रुंद. चाळणीची भोकं मोठी आणि पीठ बारीक. (या पाण्यावर आपल्याकडच्या लोकांचीही नजर आहे. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने स्वालबार्डच्या कॉंग्सफ्योर्डमध्ये २०१४ पासून पाण्याखाली ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा ठेवली आहे. अटलांटिकचं पाणी त्या फ्योर्डमध्ये शिरतं तेव्हा ते मोजणाऱ्यांत गोवाही असतो.)

म्हणून नऊ सिम्युलेशनमध्ये हवेकडून येणाऱ्या उबेची गोष्ट इतकी ठळक आहे, याचं एक कारण असंही असू शकतं की समुद्राकडून येणारी ऊब या मॉडेलांना नीट दाखवताच येत नाही. तसं असेल तर खरा पहिला बर्फमुक्त दिवस वेगळ्याच वाटेने येईल. लवकर की उशिरा, ते यावरून ठरत नाही. ही चर्चा पेपरमध्ये मला आणखी हवी होती, विशेषतः लेखिकांपैकी एकीला हा दोष जगात सर्वांत चांगला माहीत असताना.

मी स्वतः या चुकांच्या बाहेर उभी आहे अशातला भाग नाही. ज्या मॉडेलवर मी काम करते त्यात बर्फ ऊन किती परत फेकतो याचा एक आकडा आहे. ताजा भुसभुशीत बर्फ ८५ टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, उघडा समुद्र दहा टक्केही नाही, आणि डबकी मधे कुठेतरी. तो मधला आकडा जरासा सरकवला की काही दशकांनी माझ्या पडद्यावरचा सप्टेंबर वेगळा दिसतो. सगळी केंद्रं असे आकडे निरीक्षणांशी जुळवून घेतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण बर्फ बरोबर यावा म्हणून बर्फाचे आकडे जुळवले आणि मग ‘बघा, बर्फ बरोबर आला’ म्हटलं, तर ते कौतुक जपून करावं लागतं. २०२० मध्ये सीएमआयपी-६ च्या बर्फाचा मोठा सामूहिक आढावा निघाला, त्यातही हेच खटकतं. बहुतेक सिम्युलेशनमध्ये २०५० च्या आधी निदान एक बर्फमुक्त सप्टेंबर येतो. पण बर्फाची घसरण आणि पृथ्वीचं तापमान ही दोन्ही एकाच वेळी वाजवी दाखवणारी मॉडेलं फार थोडी आहेत. एकतर बर्फ जुळतो आणि तापमान जास्त चढतं, नाहीतर तापमान जुळतं आणि बर्फ हटत नाही.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये मार्क इंग्लंड आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. गेल्या साधारण वीस वर्षांत सप्टेंबरच्या बर्फात संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठळक अशी घसरणच नाही, असं त्यांनी दाखवलं. पृथ्वी तापत असताना! त्यांचा दुसरा निष्कर्ष बातम्यांमध्ये कमी आला: असे विराम मॉडेलांमध्येही दिसतात आणि ते दुर्मिळ नाहीत. वायूंमुळे होणारी घसरण चालूच असते, नैसर्गिक चढउतार तिला काही काळ झाकतात, आणि विराम संपला की घसरण नेहमीपेक्षा वेगानेही होऊ शकते. म्हणजे एकाच मॉडेल-कुटुंबात २०३० च्या आधी बर्फमुक्त दिवसही आहे आणि वीस वर्षांचा विरामही. आठ महिन्यांच्या अंतराने दोन्ही बातम्या मला त्याच ग्रुपवर आल्या. पहिलीखाली रडके चेहरे होते, दुसरीखाली हसरे. २२ मार्च २०२५ ला हिवाळी बर्फाने उपग्रह-नोंदी सुरू झाल्यापासूनचा नीचांक गाठला होता, सुमारे १४३ लाख चौरस किलोमीटर. त्याबद्दल कुणी काहीच पाठवलं नाही. होएझे आणि यान यांचा पेपर खरा मानायचा तर लक्ष तिकडेच हवं होतं.

मला हा पेपर कसा आवडला असता? शीर्षकात साल नसतं तर. ‘पहिल्या बर्फमुक्त दिवसाआधी हिवाळ्यात काय घडतं’ असं काहीतरी. आकडे मॉडेलागणिक दिले असते, सगळ्यांचा ढीग करून नव्हे. आणि वर्षाऐवजी कार्बन मोजला असता तर आणखी चांगलं. डिर्क नॉट्झ आणि स्ट्रोव्ह यांनी २०१६ मध्ये काढलं होतं की हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा सुमारे तीन चौरस मीटर बर्फ कमी होतो. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास पडतात, म्हणजे सहा चौरस मीटर, पुण्यातल्या वन-बीएचकेमधलं स्वयंपाकघर. तो आकडा ज्या वर्षांच्या नोंदींवरून काढला त्यांनंतरचा विराम लक्षात घेता तोही पुन्हा तपासायला हवा, पण निदान तो ‘कधी’ऐवजी ‘कशाने’ विचारतो.

हे सगळं मी काकांना सांगितलं, गोधडीसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे तू साल सांगणार नाहीस?” मी म्हटलं, “या शतकाच्या मध्याच्या आधी एखादा सप्टेंबर, बहुधा. त्यापुढे मी नाही जाणार.” ते म्हणाले, “मग बातमीत एवढंच का नाही लिहीत?” मी त्यांना मूळ पेपरची लिंक पाठवली आहे. तो सगळ्यांना मोफत वाचता येतो, आणि गोषवारा जेमतेम एका परिच्छेदाचा आहे.